समोरचे बुवा

वालावलच्या खाडीच्या ह्या काठावर मी तान घेतली, की पलीकडच्या काठावरची कुत्री उठायची. कुत्रीच उठायची, माणसं त्याच्या आधी उठून घरी गेलेली असायची.

आम्ही धामापूरचे. भात आणि काजू पोटासाठी, भजन खाजेसाठी. शाळा वाटेतच होती, मीच आडवाटेने जायचो. वाचतो म्हणाल तर एसटीची पाटी, ती पण गाडी कुठली ते आधी कुणाला तरी विचारून. पण डबलबारीत बुवा म्हणून मला चार गावं ओळखतात. डबलबारी म्हणजे दोन बुवा समोरासमोर, मध्ये लोक. एकाने भजन म्हणायचं, शेवटी गजराच्या चालीत टोमणे बांधून दुसऱ्याची टोपी उडवायची, मग दुसऱ्याने त्याला उत्तर द्यायचं. माझे समोरचे बुवा मसुऱ्याचे. मिसरूड फुटल्यापासून तोच एक. बायकोच्या तोंडाकडे बघितलं नसेल एवढं मी त्याच्या तोंडाकडे बघितलंय, आणि दोघांनीही मला तेवढंच सुनावलंय.

तर माझ्या गळ्यात गाठ निघाली. गोव्याचा डॉक्टर म्हणाला, "गाठ काढली तर जीव राहील. आवाजाचं काही सांगता येत नाही." मी म्हटलं, "उलट करता येईल काय?" डॉक्टर हसला नाही. माझी लेकही हसली नाही. ती मास्तरीण आहे, न हसण्याचा तिला पगार मिळतो.

मग तिनेच काढलं, की ऑपरेशनच्या आधी बाबांचा आल्बम करायचा. आवाज गेलाच तर तो कुठेतरी ठेवलेला असावा. ऑपरेशन पुढच्या आठवड्यात, म्हणजे जे काय करायचं ते आताच. आज, ऑपरेशन झाल्यावर, मी बोलतो ते लेकीला कान जवळ आणून ऐकावं लागतं, तेव्हा तिचं खरं होतं असं म्हणायला हवं. पण त्या वेळी मी फुगलो. तिठ्यावर, देवळात, गिरणीत, सगळीकडे सांगून टाकलं, आपला आल्बम येतोय. आता माघार घ्यायची तर गाव सोडून जायला हवं होतं.

स्टुडिओ कुडाळात. चालवणारा तिथलाच एक पोर, पण गिऱ्हाइकाशी पुस्तकातलं मराठी बोलायचा. त्याने मला एका खोलीत नेलं. खोली कसली, कपाट. भिंतींना अंड्यांच्या ट्रेसारखा स्पंज लावलेला. मी विचारलं, "कोंबड्यो खंय?" तो म्हणाला, "बुवा, पंखा बंद करतो, आवाज येतो." पंखा बंद केला, कानांवर दोन करवंट्या बसवल्या, दार लावलं. त्या दाराला रबर होतं. ते बसलं तेव्हा माझ्या कानात काहीतरी मेलं. समोर एक काच, काचेपलीकडे तो आणि माझी लेक, मला ऐकायला त्यांच्याही कानांवर करवंट्या. त्यांची तोंडं हलत होती, मला ऐकू काहीच नाही. टाक्यातला मासा बघतो तसा मी बघत होतो.

माझी पेटी बाहेर, पखवाज बाहेर. मी विचारलं, पखवाज कुठे? करवंटीत त्याचा आवाज आला, "पखवाज मागाहून घालू." भजन म्हणजे काय आमटी, मीठ मागाहून घालायला? पखवाजाऐवजी त्याने कानात टक-टक सोडली. पाल चुकचुकावी तशी. म्हणाला, हिच्यावर गायचं.

गाऱ्हाणं घातल्याशिवाय मी कधी तोंड उघडलेलं नाही. मी हात जोडले. "बा देवा म्हाराजा, आज ह्या लेकराक ह्या कपाटात घातला हा, तेका सुखरूप भायर काड रे म्हाराजा." आणि थांबलो. "व्हय म्हाराजा" म्हणणारं कोणी नव्हतं. टक-टक चालू. मी थांबून राहिलो. शेवटी करवंटीतून आवाज आला, "काय झालं बुवा?" मी म्हटलं, "व्हय म्हाराजा म्हण." तो म्हणाला, "ते पण मागाहून घालू."

सुरुवात केली. पहिली ओळ म्हटली, मागे धरायला माणसं नाहीत म्हणून अडलो. दुसऱ्यांदा टक-टकीच्या पुढे धावलो. तिसऱ्यांदा मागे राहिलो. मग कळलं, की खरी गोम वेगळीच आहे. मला येणारं प्रत्येक भजन कशाचं तरी उत्तर होतं. मसुऱ्याच्याने असं म्हटलं म्हणून मी तसं म्हटलं, त्याने डोळा मारला म्हणून मी तान घेतली. समोर कोणी नसेल तर मी कोणाला काय सांगू? अर्धी भांडणं पाठ असलेला माणूस मी, आणि मला भांडायला स्पंज दिलेला.

घाम मानेवरून पाठीत उतरत होता. दार आतून उघडायला जोर लागायचा, आणि मला दर वेळी वाटायचं, ह्या वेळी उघडायचं नाही. गळ्यात ती गाठ, गळ्याला कॉलर, कॉलरीभोवती कपाट. मी लघवीचं निमित्त काढून इतक्यांदा बाहेर गेलो, की त्याने लेकीला हळूच विचारलं, "बाबांना साखर आहे का?"

"गो बाय," मी लेकीला म्हटलं, "हयसर माका घुसमाटता. घराक जावया."

"मगे घराक जावन काय सांगतलास? तिठ्यार?"

मी आत गेलो. तिला तिठा बरोबर ठाऊक होता.

दुसऱ्या दिवशीही तेच. एकही भजन शेवटाला गेलं नाही. तिसऱ्या दिवशी मी कपाटात शिरलो, करवंट्या घातल्या, मान वर केली, तर काचेपलीकडे खुर्ची ओढून मसुऱ्याचा बसलेला. पांढरा सदरा, मांडीवर पानाचा डबा, कानांवर करवंट्या नाहीत. मी दार ढकलून बाहेर.

"तू हयसर कित्याक इलंस?"

"तुझ्या चेडवान बोलावल्यान म्हणान इलंय." त्याने कपाटात डोकावून बघितलं. "जन्मभर पेटी वाजवलंस, शेवटाक पेटयेतच जावन बसलंस."

मी लेकीकडे बघितलं. ती खिडकीतून बाहेर बघत होती.

"गळ्यात गाठ आसा तां माका सांगाक काय झाला तुका?" तो म्हणाला.

"तुका कळला तर तू तेचो गजर करतलंस."

"करतलंय. आणि चाल पण बरी लावतलंय." त्याने सुपारी कातरायला घेतली. "जा, आत जा. माका घराक गुरां आसत."

आत गेलो. दार बसलं. टक-टक सुरू झाली, आणि मसुऱ्याच्याने जांभई दिली. साधी नव्हे, बारीत माझी पाळी आली की द्यायचा ती, तोंडावर हात न घेता, पडजीभ दाखवून. माझं डोकं फिरलं. मी भजन उचललं. त्याने मांडीवर ताल धरला, मुद्दाम चुकीचा. मी वर गेलो. त्याने घड्याळ बघितलं. मी त्याहून वर गेलो. टक-टक कुठे गेली कोण जाणे. मागाहून कळलं, त्या पोराने ती केव्हाच बंद केली होती. एक भजन शेवटाला गेलं, मग दुसरं. मसुऱ्याचा लेकीला पान देत होता, माझ्याकडे बोट करून काहीतरी बोलत होता, आणि काय बोलतोय ते ऐकू येत नव्हतं म्हणून मी जास्तच पेटत होतो. कपाट तेवढंच होतं, दारही बंदच होतं. फक्त आता मला घुसमटायला सवड नव्हती.

शेवटच्या भजनात आवाज फाटला. वरच्या सुरात, जिथे तो कधी फाटला नव्हता. मी डोळे मिटून तसाच पुढे नेला. डोळे उघडले तेव्हा मसुऱ्याचा जांभई देत नव्हता. माझे हात सवयीने मांडीवर पेटी वाजवत होते, तो त्या हातांकडे बघून ताल धरत होता. ह्या खेपेला बरोबर. एक मात्रा इकडची तिकडे नाही.

बाहेर आलो तो सदरा पिळून काढावा असा. पोराने हात जोडले, म्हणाला, फाटलेलं परत घ्यायचं का? लेक म्हणाली, नको, राहू दे. तिचा आवाज जरा ओला होता, मास्तरणीला न शोभणारा. मी मसुऱ्याच्याच्या पुढ्यात जाऊन उभा राहिलो. सगळ्या जन्मात मी त्याला कधी विचारलं नव्हतं, त्या दिवशी विचारलं.

"कसा काय वाटला?"

त्याने पानाचा डबा बंद केला, गुडघ्यावर हात टेकून उठला.

"इतक्या वर्षांत आज पयल्यांदा तुझा भजन शेवटपर्यंत बसान काढलंय," तो म्हणाला. "एक अक्षर कानार पडाक नाय, म्हणान जमला."