रुईच्या रोपांवर फवारा

चूक आण्णाची. आण्णा म्हणजे माझा बाप. आधीच सांगून ठेवतो, मागून कोणी मला बोलायचं न्हाई.

आमच्या अंबडकडं बी पेरून रुई वाढवणारा मी पहिलाच. हसा! बांधावर फुकट उगवते, शनिवारी मारुतीला तिच्या पानांची माळ जाते, तेवढाच तिचा मान. पण जालन्याच्या एका मॅडमला फुलपाखरांची बाग करायची होती, त्यासाठी रुईची रोपं माझ्याकडं सांगितली. म्हणाल्या, "ही बाग जमली तर शाळांच्या बागाही तुलाच." कॉलेज सोडल्यापासून घरात मला भाकरीसोबत टोमणा वाढतात. म्हटलं, आता दाखवतोच!

फळं तडकायला लागली तशी तोडली, आतला कापूस काढला, बी ट्रेमध्ये लावलं. काय रोपं आली, राजेहो!

आण्णा म्हणाले, "रुई लावून राह्यला? पुढच्या साली गाजरगवत लाव."

"तुमच्या कापसापेक्षा बरी आलीय!"

मंग एक दिवस पानांवर अळ्या. काळे, पांढरे, पिवळे पट्टे. कुरुकुरु खाऊन राह्यल्या!

"बघत काय बसला? मार फवारा!" आण्णा लांबूनच ओरडले. या माणसाला जन्मात एकच औषध ठाऊक. जावयाच्या सदऱ्यावर अळी दिसली तर जावयालाही फवारतील!

मारला. एकदा न्हाई, दोनदा.

तेवढ्यात मॅडमचा फोन. "अळ्या आल्या का रे?"

बाई घाबरली, मला वाटलं. "आल्त्या मॅडम. बिलकुल टेन्शन घेऊ नका."

"खरंच? फोटो पाठव ना लगेच!"

पुरावा पाहिजे असेल. पोत्यावर सगळ्या ओळीनं मांडल्या, आकार कळावा म्हणून शेजारी पेन ठेवला. खाली लिहिलं, 'एकही जिवंत न्हाई.'

पुन्हा फोन. आवाज रडवेला. "अरे, त्यांचीच तर फुलपाखरं होणार होती! त्यांना खायला म्हणूनच रुई लावतात!"

मी तणतणत आण्णाकडं. "तुमच्यामुळं झालं सगळं!"

"मी कापूसवाला माणूस," आण्णा शांतपणे म्हणाले. "फुलपाखराचं शिक्षण मोबाईलवर कोणी घेतल्तं?"

मीच. व्हिडिओ अर्धाच पाहिला होता. पुढचं आपल्याला येतंय असं वाटलं. कॉलेजही असंच सोडलं होतं.

मॅडमनी एकही रोप उचललं न्हाई. शाळांच्या बागा भोकरदनच्या एका पोरीला गेल्या.