आवाज नसलेले प्राणी

"बसायला वेळ नाय, पण ऐका." आमच्या दारात येऊन शेजारचे सुभेदार हे वाक्य म्हणायचे आणि मग बराच वेळ उभेच राहायचे. खुर्ची पुढे केली तर तिची पाठ दोन्ही हातांनी धरून ती पुढेमागे डुलवत बोलायचे. आमच्या एका खुर्चीचे पाय खिळखिळे झाले, ते त्यांच्या न बसण्यामुळे. अशी माणसं तुमच्याही जिन्यात असतील. बसत नाहीत आणि जातही नाहीत.

बेल त्यांनी कधी वाजवली नाही. जी वस्तू आपल्याला ऐकू येत नाही तिच्यावर त्यांचा विश्वास नव्हता. उघड्या पंजाने दारावर दोन थापा, आणि दार उघडेपर्यंत समोरच्या मोकळ्या जागेत येरझाऱ्या. सारी नोकरी तोफखान्यात गेली होती. डावा कान साफ गेलेला, उजवा असून नसल्यासारखा. मुलाने घेऊन दिलेलं कानाचं मशीन कायम शर्टाच्या खिशात. "कानात घातलं की सगळ्या गल्लीचे कुकर माझ्याच डोक्यात शिट्ट्या मारतात," असं त्यांचं म्हणणं. त्यामुळे ते बोलायचे ते गावाकडे सायखेड्याच्या मळ्यात या बांधावरून त्या बांधावर हाक मारल्यासारखं.

आम्ही राहतो नाशिकला, जेलरोडला. देवळालीकडे तोफांचा सराव असला की कधी कधी आमच्या खिडकीची काच थरथरते. तो धमाका आम्हाला ऐकू यायचा, सुभेदारांना नाही. पण ते जिन्याच्या भिंतीला तळहात लावून उभे राहायचे आणि खूश होऊन म्हणायचे, "आज काम चालू हाय."

माझी बायको आमच्या पुढच्या खोलीत लहान मुलांची शाळा चालवते. सकाळी सात-आठ मुलं येतात आणि प्राणी होऊन घरभर फिरतात. मी बँकेत आहे. म्हणजे एरवी घरात नसतो, आणि सुट्टीच्या दिवशी असलोच तर कुणाच्या तरी वाटेत असतो. माझ्या अंगावरून मुंग्यांची रांग गेलेली आहे.

एका एप्रिलच्या दुपारी थापा पडल्या. सुभेदारांनी खुर्ची धरली.

"ताई, तुम्ही ते पोरांना जनावरांचं शिकवता ना, ते मला शिकवा."

बायको त्यांच्या उजव्या कानाशी जाऊन मोठ्याने म्हणाली, "तुम्हाला कशाला, काका?"

कशाला ते आम्हाला अर्धवट ठाऊक होतं. आदल्या दिवाळीत त्यांचा मुलगा, सून आणि नातू बंगळुरूहून आले होते. सुभेदारांनी स्टेशनवरच नातवाला उचलून "आला का माझा वाघ" असं म्हटलं, आणि ते पोर जे किंचाळलं ते घरी येईपर्यंत थांबलं नाही. पुढे घरात आजोबांनी नुसतं "मीठ द्या" म्हटलं तरी ते दचकायचं. झोपेतसुद्धा. शेवटी सून त्याला घेऊन आतल्या खोलीत दार लावून बसायची. ठरल्यापेक्षा लवकर गेले ते. त्यानंतर मोबाइलवर सुभेदारांना नातवाऐवजी बंगळुरूचं छत दिसायचं, कारण यांचा आवाज आला की पोर पळून जायचं. सुभेदारांची बायको असती तर तिने मधे काही सांभाळून घेतलं असतं. ती त्याच्या दोन वर्षं आधी गेली होती.

"मे महिन्यात यायचं म्हणतात," सुभेदार म्हणाले. "सून म्हणाली, बघू. मला बाकी काही ऐकू येत नाय, पण ते 'बघू' बराबर ऐकू आलं. या टायमाला पोरगं रडलं तर पुढं कुणी यायचं नाय, ताई. मी इथं भिंतीला हात लावून बसंन."

बायको म्हणाली, "थोडं हळू बोलून बघा ना."

"हळूच तर बोलतोय."

खाली वॉचमनने मान वर करून पाहिलं.

"मग असं करू," बायको म्हणाली. "ज्यांना आवाजच नाही असे प्राणी करा तुम्ही."

"असं जनावर असतं?"

"ससा."

"ससा वरडत नाय?"

"नाही."

"मग त्याला रानात कोण विचारतं?"

तरी दुसऱ्या दिवसापासून ते हजर. शाळा सुटून मुलं गेली की सुभेदार आत. बायकोने त्यांना ससा दिला, मासा दिला, मुंगी, फुलपाखरू, जिराफ आणि गोगलगाय दिली. वाघ, कोंबडा, बैल वगैरे मंडळींना बंदी. कणकेच्या गोळ्यात खराट्याच्या काड्या खोचून साळिंदर कसं करायचं, परातीत पाणी घालून कागदी मासे पिठाच्या चाळणीने कसे पकडायचे, भेंडीच्या चकतीचे ठसे मारून सुरवंट कसा काढायचा, सगळं त्यांनी शिकून घेतलं. साळिंदराच्या काड्या त्यांनी फूटपट्टी लावून खोचल्या. ते साळिंदर सावधान उभं असल्यासारखं दिसत होतं.

हे सगळं त्यांना जमलं. एक गोष्ट जमेना. बायकोचा नियम आहे की मुलाला बोलवायचं नाही. आपण खाली फरशीवर बसायचं, मुलाकडे बघायचं नाही, आपला खेळ आपण खेळायचा. त्याला यायचं तेव्हा ते येतं.

"आणि नाय आलं तर?"

"तर उद्या परत बसायचं."

सुभेदार उठून खोलीभर एक चक्कर मारून आले. "ताई, हे लय अवघड काम दिलं."

सराव करायला मूल हवं. शाळेतली मुलं तर यांना घाबरतच नव्हती, ती खुशाल अंगावर चढायची, त्यामुळे निरुपयोगी. मग सर्वांची नजर माझ्याकडे वळली.

"भाऊसाहेब, तुम्ही नातू व्हा."

पन्नाशी ओलांडलेला, पोट सुटलेला, बँकेत लोक ज्याला साहेब म्हणतात असा मी एका रविवारी पडद्याआड उभा राहिलो. माझं काम एवढंच की घाबरायचं. समोर सुभेदार पाठीवर गादीची वळकटी बांधून गोगलगाय झाले होते आणि फरशीवरून इंचाइंचाने सरकत होते. दर थोड्या वेळाने मान वळवून विचारत होते, "भाऊसाहेब, भीती वाटली का?"

"काका, बघायचं नाही," बायको.

"मग मला कळायचं कसं?"

तेवढ्यात इस्त्रीवाला कपडे घेऊन दारात आला. त्याने पडद्याआडचा मी पाहिला, गादीखालचे सुभेदार पाहिले, कपडे स्टुलावर ठेवले आणि पैसे न घेता गेला. तो पुढे महिनाभर मला नमस्कार करायचा तो जरा लांबूनच.

मे महिना उजाडला तशी सुभेदारांची झोप उडाली. जिन्यातून वर-खाली, गच्चीवर, पुन्हा खाली. दिवसातून तीनदा थापा. जिराफाची मान म्हणून हात वर धरायचा तो डावा की उजवा? परात स्टीलची चालेल का? मासा करताना डोळे उघडे ठेवायचे ना? आम्हीही त्यांच्या नादाने अस्वस्थ झालो. मी बँकेत लोकांना पैशांऐवजी भलतंच काही देतो की काय, अशी बायकोला काळजी.

मंडळी आली त्या दिवशी आम्ही दाराला कान लावून उभे होतो. शोभत नाही, पण होतो. लिफ्टचं दार वाजलं, बॅगा सरकल्या, सुनेचा आवाज, मुलाचा आवाज. सुभेदारांचा आवाज नाही. पोराचं रडणंही नाही. बायकोने समाधानाने मान हलवली.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी बेल वाजली. सुभेदारांचा मुलगा उभा. चेहरा उतरलेला.

"काका, नानांना काही झालंय का? बोलतच नाहीत."

"कुणाशी?"

"कुणाशीच. काल स्टेशनवरून आणायला आले तर नुसती मान हलवली. जेवताना मी काय विचारलं तरी हातानेच. हिला वाटतंय दिवाळीत आम्ही लवकर गेलो त्याचा राग आहे. ती रडत होती सकाळी. आणि काका, दुपारी ते स्वयंपाकघरात कानामागे दोन बोटं उभी करून उड्या मारत होते. डॉक्टरला दाखवावं का?"

बायकोने कपाळावर हात मारला. आवाज नसलेले प्राणी करा, असं तिने सांगितलं होतं. मधल्या वेळात माणूस व्हायचं, हे सांगायचं राहून गेलं. सुभेदारांना हुकूम मिळाला होता आणि त्यांनी तो चोवीस तास पाळला होता.

तिने मुलाला सगळं सांगितलं. गादीची वळकटी, भेंडीचे ठसे, 'बघू' ऐकू आलं तेही. तो हसायला लागला, आणि मग हसता हसता खिडकीपाशी जाऊन उभा राहिला. बराच वेळ आमच्याकडे पाठ करून उभा होता.

"त्यांना तसंच राहू देऊ का?" त्याने विचारलं.

"तुझ्याशी बोलू देत," बायको म्हणाली. "पण खेळू देत तसंच."

पुढचे दोन दिवस जैसे थे. सुभेदार फरशीवर, नातू पडद्याआड. सून सांगायची, तो बघतो, पण पुढे येत नाही. सुभेदार आमच्याकडे यायचे, खुर्ची डुलवायचे आणि परत जायचे. परतीची तिकिटं काढलेली होती. तो दिवस जवळ यायला लागला.

मग एका दुपारी मी त्यांच्याकडे आंब्याच्या बर्फीचा डबा परत द्यायला गेलो. वीज गेली होती, दार उघडंच होतं. सुभेदार गादी पाठीवर घेऊन घामाने निथळत सरकत होते. सून स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी बसून कोथिंबीर निवडत होती. मी तिथेच थबकलो.

पोर आईच्या पाठीमागून बाहेर आलं. त्याने परडीतली एक काडी उचलली, हळूहळू पुढे आलं आणि ती गोगलगाईच्या तोंडासमोर धरली. सुभेदारांनी ती देठासकट खाल्ली. पोराने दुसरी आणली. तीही खाल्ली. सून खाली मान घालून निवडत राहिली, पण तिचे हात थांबले होते.

"ही कशी ओरडते?" पोराने विचारलं.

सुभेदार सरकत राहिले. पोर नेमकं त्यांच्या डाव्या कानाशी उभं होतं.

"आजोबा, ही कशी ओरडते?"

काही नाही. पोराने वाकून त्यांच्या तोंडाकडे पाहिलं. मग थोडं मोठ्याने विचारलं. मग आणखी मोठ्याने. त्याला बहुधा घरात कुणी एवढं मोठ्याने बोलू दिलं नव्हतं. चौथ्या वेळी त्याने दोन्ही मुठी आवळल्या, डोळे मिटले आणि असा काही ओरडला की खालच्या मजल्यावरचं कुत्रं भुंकायला लागलं.

"आजोबा, कशी ओरडते?"

ते पोचलं. सुभेदारांनी मान वळवली आणि ते विसरले. सगळा सराव, सगळा नियम, सगळं विसरले.

"वरडत नाय ती."

दिवाळीत ऐकलेला तोच आवाज. सून अर्धी उठली. माझ्या हातात डबा तसाच. सुभेदारांचा चेहरा मी पाहिला, आपण काय करून बसलो ते त्यांना तेव्हा कळलं आणि तो पांढरा पडला.

पोर जागच्या जागी उभं होतं. त्याने खालचा ओठ आत घेतला. आजोबांच्या कानाकडे पाहिलं, तोंडाकडे पाहिलं. मग पुन्हा मुठी आवळल्या.

"का नाय?"

"तिला गरज नाय."

"आपल्याला हाय?"

"आपल्याला हाय."

मग ते दोघं किती वेळ ओरडत होते, मला सांगता येणार नाही. वाघ झाला, बैल झाला, कोंबडा तर तीनदा झाला. बायको आमच्या दारातून धावत आली. सून उंबऱ्यावरच बसून होती. डोळे पुसत मला म्हणाली, "काका, हा आता बंगळुरूला जाऊन 'नाय, हाय' बोलणार."

त्या मंडळींनी तिकिटं पुढे ढकलली. आणि जून लागता लागता सुभेदारच त्यांच्याबरोबर गेले, महिनाभरासाठी म्हणून. त्याला आता दीड वर्ष झालं. दाराला कुलूप आहे. बायको नव्या मुलांना गोगलगाय शिकवते आणि मला कुणी नातू व्हायला सांगत नाही.

परवा दुपारी त्यांचा फोन आला. मी बँकेत होतो. फोन कानापासून हातभर लांब धरला, तरी रांगेतल्या लोकांनी वळून पाहिलं. खुशाली झाली, माझे गुडघे झाले, ताईंची शाळा झाली.

"नातू काय करतोय?" मी विचारलं, म्हणजे ओरडलोच.

"झोपलाय," सुभेदार गरजले. "हितंच, माझ्या खांद्यावर. फिरवतोय त्याला."

आता रडणार पोर, म्हणून मी वाट पाहिली. पलीकडून फक्त चपलांचा आवाज येत होता, खोलीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत. मग सुभेदारांनी तशाच आवाजात मला नाशिकचा भाजीपाला सध्या कसा आहे ते विचारलं, आणि मीही, रांग खोळंबलेली असताना, मेथीपासून सुरुवात केली.