पान उलटलं की पाट बदलायचा

आमच्या गल्लीत उन्हाळ्याच्या शेवया वाचनावर होतात. बाहेरच्या कोणाला हे सांगितलं की ते माणूस आधी माझ्या तोंडाकडे बघतं. बघू दे. मेहकरात सगळीकडे असं होतं असा माझा दावा नाही, आमच्या गल्लीत होतं एवढं खरं.

खाटेवर एक लांब लाकडी पाट तिरपा टेकवायचा. त्यावर एकीनं बसून कणकेच्या गोळ्याची तळहातानं वळत वळत बारीक तार खाली सोडायची, समोरचीनं ती तार काडीवर झेलायची, तिसरीनं ती काडी शेजारच्या खाटेवर वाळत घालायची. पाटावर बसणारीचे हात भरून येतात, म्हणून थोड्या वेळानं तिनं उठायचं आणि दुसरीनं बसायचं. कधी उठायचं ते घड्याळ ठरवत नाही. ओट्यावर माझी माय पुस्तक वाचत बसलेली असते. तिनं पान उलटलं की पाट बदलायचा. आणि वाचणारीनं पिठात हात घालायचा नाही, तिच्या वाटच्या शेवया बाकीच्यांनी करून द्यायच्या. कायदा म्हणजे कायदा.

लहानपणी मी त्या खाटेखाली पडून असायची. वर शेवयांच्या तारा हलायच्या, त्यांच्यातून ऊन गाळून यायचं, ओल्या कणकेचा वास यायचा आणि मायचा आवाज सारखा चालू असायचा. अर्धं ऐकू यायचं, अर्धं झोपेत जायचं. गोष्टीतली नदी आणि आमच्या गल्लीतला नळ मला कितीतरी वर्षं एकच वाटत होते. आजही शेवयांची खीर खाताना मला कोणीतरी हळू आवाजात काही सांगतंय असं वाटतं. हसा खुशाल.

एक कादंबरी तर दर उन्हाळ्यात व्हायचीच. जुनी, कव्हर गेलेली. त्यात एक सासुरवाशीण भर पुरात नावेत बसून माहेरी निघते आणि पोचत नाही. नाव उलटते. ते पान आलं की शेजारची खाला, तिच्या घरचं बांगड्यांचं दुकान आहे, पाटावरून ओरडायची, "दरसाल मारून टाकतं तू तिले! काऊन वाचतं वं हे?" माय म्हणायची, "लिहिलं हाय तसं वाचून राह्यली बाई. माह्या हातात काय हाय?" खाला दिवसभर घुश्शात असायची. पुढच्या वर्षी पुन्हा तेच पुस्तक काढा म्हणून हट्ट तिचाच.

दोनेक वर्षांपूर्वी माय ओळी चुकवू लागली. आधी आम्हाला चष्म्याचा नंबर वाढला असं वाटलं. बुलढाण्याच्या डॉक्टरांनी तपासून सांगितलं की डोळ्याचा पडदा खराब झालाय, मधलं दिसणं जाणार, कडेचं राहील. गेलेली नजर परत येत नाही, आहे ती जपा, अक्षर मोठं आणि ठसठशीत ठेवा म्हणाले. येताना एसटीत माय खिडकीबाहेर बघत होती. काय बघत होती देव जाणे.

त्या उन्हाळ्यात ती ओट्यावरून उतरली आणि बाकीच्यांसारखी पाटावर जाऊन बसली. जन्मभर वाचलं, शेवया कधी वळल्या नाहीत. तिच्या हातून सुतळीएवढ्या जाड तारा निघायला लागल्या. तिची पाठ वळली की खाला त्या तारा गुपचूप पुन्हा गोळ्यात मिसळायची. मायला ते कळलं. संध्याकाळी हात धुताना म्हणाली, "मले काहीच येत नाही वं." पुढच्या वर्षी यंत्रावरून शेवया काढून आणू अशी कुजबुज गल्लीत सुरू झाली होती. वाचन नाही तर एकत्र बसायचं कशाला? मायची जागा अशी माझ्या डोळ्यांदेखत पुसली जात होती आणि मी नुसती बघत होते.

मग मी पेटले. पुण्याच्या भावाला फोन लावला. तो म्हणाला, ई-रीडर घे. त्यात अक्षर हवं तेवढं मोठं होतं, आणि मायची ती कादंबरी आता ई-बुकात मिळते. वर यादी सुरू केली: किती इंच, किती पुस्तकं मावतात, प्रकाश पिवळा करता येतो, पाण्यात पडला तरी चालतो. मी म्हटलं, "अरे, माय काय विहिरीत बसून वाचणार हाय?" इथल्या मोबाइलच्या दुकानात गेले तर दुकानदारानं टॅब पुढे केला. "मावशी, याच्यात सिनेमा बी दिसते." मी म्हटलं, "आम्हाला सिनेमा नको, अक्षर पाहिजे." त्यानं मला वेड्यात काढलं.

न बघता मागवायला मी तयार नव्हते. माझी एक मैत्रीण लोणारच्या शाळेत शिकवते, तिच्याकडे दोन ई-रीडर होते, एक तिचा आणि एक तिच्या नवऱ्याचा. भावाचा जुना टॅब पिशवीत टाकला आणि मायला घेऊन एसटीनं लोणार गाठलं. मैत्रीण म्हणाली, घरात काय बघता, सरोवरावर चला, उजेडात कळेल.

हिवाळ्याची सकाळ होती. खाली ते हिरवं पाणी जराही हलत नव्हतं. कुठूनतरी मोर ओरडत होता, वाऱ्याबरोबर खाऱ्या पाण्याचा उग्र वास येत होता, आणि आम्ही तिघी कठड्याशी बसून यंत्रं निवडत होतो. आधी टॅब दिला. मायनं तो उन्हात धरला, खालीवर केला आणि म्हणाली, "याच्यात त मीच दिसून राह्यली." तो गेला पिशवीत. मग नवऱ्याचा लहान ई-रीडर दिला. त्यात बोटानं काचेला स्पर्श करायचा. मायची बोटं भाकरी थापून थापून कोरडी झालेली, चारदा टेकवावं तेव्हा एकदा पान हलायचं. "माह्या हाताले ओळखत नाही हा," ती म्हणाली, आणि तिला खरंच राग आला होता.

तिसरा मैत्रिणीचा, मोठा, कडेला पान उलटायचं बटन असलेला. मैत्रिणीनं अक्षर मोठं केलं, अजून मोठं केलं. ऊन थेट पानावर पडलं होतं आणि अक्षर फिकं होण्याऐवजी आणखी काळं झालं. मायनं मान तिरपी केली, कडेच्या नजरेनं बघितलं. तिनं एक ओळ वाचली. मग दुसरी. कसल्याशा प्रवासाचं वर्णन होतं, आम्हाला त्याच्याशी काही घेणंदेणं नव्हतं, पण तिचा तोच आवाज, खाटेखाली ऐकलेला, सरोवराच्या काठावर पुन्हा चालू झाला. अंगठ्यानं बटन चाचपून तिनं दाबलं. टक. पान उलटलं. मैत्रीण काहीतरी विचारत होती, मला कळलंच नाही. मी पाण्याकडे बघत होते आणि ते पाणी माझ्या डोळ्यांत होतं की खाली होतं कोणास ठाऊक.

"हेच घे," माय म्हणाली. तसाच घेतला.

उन्हाळा आला. पाट निघाला, गल्ली जमली, माय ओट्यावर बसली. मी अक्षर तिला हवं तेवढं मोठं करून दिलं आणि कादंबरी सुरू झाली. आणि जो काय गोंधळ उडाला! अक्षर एवढं मोठं की पानावर चारच ओळी मावायच्या. माय वाचते न वाचते तोच टक. पाटावरची उठली, दुसरी बसली, गोळा हातात घेतला, टक. ती उठली, तिसरी बसायच्या आतच टक. खाला कंबरेवर हात ठेवून मधोमध उभी राहिली. "अवं बाई, बसू का उठू? शेवया करून राह्यलो का फुगडी खेळून राह्यलो?" हसता हसता एक काडी शेवयांसकट खाली आली.

तोडगा मायनंच काढला. "टकटक चालू द्या. पान मी उलटलं की उठा." तिला ते जुनं पुस्तक पानानिशी पाठ होतं. छापील पान जिथे संपायचं तिथे ती थांबायची, बोट जिभेला लावायची आणि हवेत उजवीकडून डावीकडे एक पान उलटायची. पान कुठे होतं? पण आम्हाला दिसायचं. पाट बदलायचा आणि गोष्ट पुढे जायची. त्या वर्षी गल्लीत कोणी यंत्राच्या शेवयांचं नाव काढलं नाही. त्या वर्षीसुद्धा खालानं नाव उलटल्यावर मायशी भांडण केलं.

यंदा अक्षर मी आणखी मोठं करून दिलं होतं. त्याहून मोठं होत नाही. एका पानावर दोन-तीन शब्द. माय वाचत होती, आम्ही वळत होतो, ऊन ओट्यावर चढत होतं. सासुरवाशीण नावेत बसली. पूर चढला होता. मी काडीवर तार झेलत होते आणि सहज ओट्याकडे बघितलं. यंत्राचं पान कोरं होतं, मधोमध रिकाम्या बॅटरीचं चित्र तेवढं. एकदा चार्ज केलं की आठवडे चालतं, म्हणून घरात कोणाच्याच ध्यानात राहत नाही. माय वाचत होती. अंगठा बटन दाबत होता, टक, टक, मान तिरपी, नजर थेट त्या कोऱ्या पानावर. तिला दिसत नव्हतं. पान कोरं आहे हेसुद्धा दिसत नव्हतं.

मी खालाकडे बघितलं. खालाही तिकडेच बघत होती. सगळ्याच बघत होत्या. कोणाचा हात थांबला नाही.

"नाव मधात आली," माय वाचत होती. "नावाड्यानं बांबू टेकवला. पाण्यानं ओढलं, तरी त्यानं सोडला नाही. आन् नाव काठाले लागली."

खालाचा हात तेवढा थांबला. "लागली?"

"लागली. तिच्या मायनं दार उघडलं."

"पह्यलेच्या पुस्तकात त..." खाला बोलता बोलता अडखळली.

"याच्यात पोचते," माय शांतपणे म्हणाली.

मग तिनं बोट जिभेला लावलं आणि हवेत पान उलटलं. पाळी माझी होती. खाला पाटावरून उठली, मी बसले. डोळे भरून आले होते आणि दोन्ही हात कणकेत, पुसणार कशानं? खालानं आपल्या पदरानं पुसले, आधी माझे, मग स्वतःचे.

थोड्या वेळानं मला चार्जर आठवला. कोणाला कळू न देता आत जाऊन आणावा, मायच्या नकळत वायर लावावी, म्हणून मी उठायला लागले. खालानं माझं मनगट धरलं, पिठासकट.

"काऊन उठतं वं? पोरगी आत्ताच माहेरी पोचली," ती हळूच म्हणाली. "राहू दे तिले दोन दिस."