हरिहर मास्तरांचं अकरावं पान

हरिहर मास्तरांविषयी चार चांगले शब्द लिहावेत, असं मला कळवण्यात आलं आहे. बघा, सुरुवातच कशी झाली! कळवण्यात आलं. कुणी कळवलं? मास्तरांच्या जुन्या विद्यार्थ्यांनी. स्मरणिका काढताहेत म्हणे. सगळे पेन्शनीत निघालेले कारकून, पण स्वतःचं नाव पुढे करायला अजून घाबरतात. मी लिहीन, पण चांगलं की वाईट ते माझं मी ठरवीन. आणि खाली नाव घालीन, शालू गुणाजी भोईर.

मास्तरांचं पूर्ण नाव हरिहर वामन आठल्ये. मूळचे देवरुखचे. मॅट्रिकला इंग्रजीत गटांगळ्या खाणाऱ्या मुलांना बाहेर काढायचं, हा त्यांचा धंदा आणि हीच हौस. ठाण्याच्या कोपरीत स्टेशनच्या अंगाला त्यांची एक खोली होती, तिथे सकाळी सहा ते नऊ वर्ग. त्रेपन्न साली त्या वर्गात पंचवीस मुलगे होते आणि मुलगी मी एकटी, सोळा वर्षांची. माझे वडील मिठागरात मीठ ओढायचे. मुलीला इंग्रजी कशाला, म्हणून सगळी आळी त्यांना टोचायची. तेव्हा मास्तर धोतराचा सोगा सावरत आमच्या आळीत आले आणि भर चौकात ओरडले, "तिला पाठवा. नाहीतर मी रोज इथे येऊन शिकवीन, मग सगळ्यांनाच ऐकावं लागेल!" हे त्यांचं चांगलं. ते मी लपवणार नाही.

पण त्यांची खरी करामत म्हणजे त्यांची वही. सरकारी पत्रव्यवहारात लागतात ती इंग्रजी वाक्यं त्यांनी पानापानावर लावून ठेवली होती. प्रत्येकाने ती वही आपल्या हाताने उतरून काढायची आणि रोज एक पान घडाघडा म्हणायचं. अकराव्या पानावर नकार होते. 'कॅनॉट बी ग्रँटेड', मंजूर करता येत नाही. 'मस्ट नॉट बी टच्ड', हात लावला जाऊ नये. 'शुड नॉट बी एक्स्पेक्टेड', अपेक्षा ठेवली जाऊ नये. कोण मंजूर करत नाही, कोण हात लावू देत नाही, त्याचा पत्ताच नाही. मास्तर टेबलावर पट्टी आपटून सांगायचे, "हो लिहिलंत तर उद्या कुणीतरी विचारील, हो कुणी म्हटलं? नाही लिहिलंत तर कुणी काही विचारत नाही. कर्ता गाळा आणि सुखाने नोकरी करा." आम्ही खो खो हसायचो. हसून हसून ते पान पाठ झालं. आणि खरोखर पोरं नोकरीला लागली. ठाणे, कल्याण, डोंबिवली, कुठल्याही कचेरीत जा, मास्तरांचा एक तरी विद्यार्थी असायचा आणि त्याच्या खणात ती वही.

त्या साली दिवाळी झाली आणि आमच्या विहिरीला कुलूप लागलं. खाडीकाठाला सगळं पाणी खारं. गोड्या पाण्याची आम्हाला ती एकच विहीर. बाजूच्या जमिनीवर एका सरकारी खात्याचं गोदाम उठत होतं. त्यांनी कुंपण घातलं ते विहिरीसकट. वर लोखंडी जाळी, जाळीला कुलूप आणि कुंपणावर इंग्रजी पाटी. माझी आई गंगुबाई मला हाताला धरून पाटीसमोर घेऊन गेली.

"वाच."

"वॉटर मस्ट नॉट बी ड्रॉन. पाणी काढलं जाऊ नये."

"पानी कारू नको बोलतंय. पन बोलतंय कोन?"

"ते लिहिलेलं नाही."

"नाव नाय त्याला?" आई म्हणाली. "नाव नाय तं मंग कुलूप लावला कोनी?"

मला तेव्हा आई अडाणी वाटली. आज लाज वाटते.

मास्तरांनी अर्ज लिहून दिला. अप्रतिम इंग्रजी होतं, मी सांगते. पौषात उत्तर आलं. आळीतली सगळी माणसं आमच्या ओट्यासमोर जमली, आणि मी उभी राहून कुठेही न अडखळता वाचलं, 'द रिक्वेस्ट कॅनॉट बी ग्रँटेड.' अर्थ सांगायच्या आधीच मला आनंदाने हसू फुटलं होतं, की अरे, हे तर आपल्या अकराव्या पानावरचं! मास्तरही खूश झाले. "बघितलंस? मी खरं सरकारी इंग्रजी शिकवतो!" विहीर बंद राहिली आणि आम्ही गुरुशिष्य एकमेकांची पाठ थोपटत बसलो. मास्तरांनी दुसरा अर्ज लिहिला, पहिल्याहून सुंदर. फाल्गुनात त्याचंही उत्तर आलं. तेच वाक्य.

तोवर आळीतल्या बायका रुळांपलीकडच्या नळावरून पाणी आणत होत्या. माझी वहिनी तुळसा दिवाळीत दोन महिन्यांची गरोदर होती. चैत्र उजाडला तेव्हा सातवा चालला होता, आणि तरी डोक्यावर हंडा, कमरेवर कळशी अशा तिच्या दोन खेपा चालूच. मी एक करायची, कारण मला वर्गाला जायचं असे. एका सकाळी रूळ ओलांडताना खडीवरून तिचा पाय सरकला आणि ती पोटावर पडली. मूल गेलं. मुलगा होता. याहून जास्त मी त्यावर लिहिणार नाही.

चौथ्या दिवशी आई मास्तरांच्या वर्गात शिरली. मुलं पान म्हणत होती. आईने दोन्ही कागद टेबलावर टाकले.

"मास्तर, तुमी शिकलेलं मानूस. मना त्याचा नाव पायजे. ज्यानं नाय बोलला, त्याचा."

मास्तर काहीतरी समजावायला गेले. आई हलली नाही. मग त्यांनी पट्टी ठेवली, टोपी घातली आणि वर्ग तसाच सोडून आम्हा दोघींना घेऊन निघाले.

त्या खात्याची कचेरी स्टेशनाच्या पश्चिमेला होती. टेबलामागे रघु बसला होता. चार वर्षांपूर्वीचा मास्तरांचा विद्यार्थी, सगळ्यांत हुशार. त्याने उठून मास्तरांच्या पायाला हात लावला आणि चहा मागवला.

"चहा राहू दे," मास्तर म्हणाले. "हे दोन अर्ज नामंजूर कुणी केले?"

रघुने कागद पाहिले. "उत्तरं मी लिहिली, मास्तर."

"लिहिलीस तू. ठरवलं कुणी? साहेबांनी?"

"साहेब मुंबईहून येतात, मंगळवारी. गठ्ठ्यावर सह्या करतात. अर्ज त्यांच्यापर्यंत गेले नाहीत. अर्ज वर पाठवला की वरचे विचारतात, खालीच का निकालात काढला नाही?" त्याने खण उघडला आणि वही काढली. त्याच्या हातचं अकरावं पान, कडा तेलकट झालेल्या. "कसलाही अर्ज आला की यातलं वाक्य घालतो. तुम्हीच शिकवलंत ना, नाही लिहिलं की कुणी विचारत नाही."

"आणि कुलूप?"

"ते ठेकेदाराचं. त्याला बांधकामाला पाणी हवं होतं. पाटीवर काय लिहू म्हणून विचारायला आला, मी वहीतनं दिलं."

"गोदाम तर पौषात बांधून झालं," मी म्हटलं.

"हो. ठेकेदार गेला."

"किल्ली?"

रघुने मास्तरांकडे पाहिलं. "ती तो घेऊन गेला असेल."

म्हणजे आमचं पाणी कुणीच बंद केलेलं नव्हतं. साहेबाने नाही, सरकारने नाही. ठेकेदार निघून गेला, कुलूप राहिलं, आणि त्या कुलपावर रघु मास्तरांची वाक्यं ठेवत गेला. आईला मी हे उलगडून सांगितलं तेव्हा तिने रघुकडे ढुंकूनही पाहिलं नाही. मला तर त्याच्या त्या हसऱ्या थोबाडावर दौत फेकून मारावीशी वाटली होती. आई मास्तरांकडे बघत राहिली, आणि मास्तरांना मान वर करता येईना.

परत आल्यावर ते घरी गेले नाहीत. आमच्या ओट्याखालची पहार उचलून सरळ कुंपणापाशी गेले. आयुष्यात लेखणीहून जड काही न उचललेला माणूस. पहिल्या दोन घावांत हाताची साल निघाली. तिसऱ्यांदा आईने पहारीला हात लावला, आणि कुलूप तुटलं. मग मास्तरांनी डांबर मागवलं आणि पाटीवरच्या इंग्रजीवर मराठीत लिहिलं, 'हे कुलूप मी तोडलं. हरिहर वामन आठल्ये, कोपरी.'

आणि ते शेजारी स्टूल टाकून बसले. आता कुणीतरी येईल, विचारील, पकडून नेईल. त्यांना ते हवंच होतं. वर्ग बंद ठेवून बारा दिवस बसले. पोलीस आला नाही, शिपाई आला नाही, साधी नोटीससुद्धा आली नाही. आळीतल्या बायका पाणी भरत होत्या, आणि त्या माणसाचा चेहरा दिवसेंदिवस उतरत होता.

तेराव्या दिवशी तुळसा पहिल्यांदा विहिरीवर आली. भिंतीला धरत धरत आली. पोहरा सोडायच्या आधी तिने विचारलं, "मास्तर, कोनी आला नाय?"

"नाही."

"मंग दिवालीलाच तोरला असता तं?"

मास्तर स्टुलावरून उठले. इतकं इंग्रजी, इतकी वाक्यं त्यांच्याजवळ होती. ते म्हणाले, "तुळसा, तुझं पाणी मी अडवलं. मी."

तिने ऐकून घेतलं. बरं म्हणाली नाही, असू दे म्हणाली नाही. कळशी भरली, कमरेवर घेतली आणि माझ्यासमोर येऊन थांबली.

"आनि तो कागद वाचलास तू," ती म्हणाली. "हसून."