फुटलेली काच काढायची नाही

नसरीनचा फोन आला तेव्हा मी अमरावतीला मुलाच्या घरी डाळ निवडत बसले होते. "मावशी, अब्बा गेले," एवढंच ती म्हणाली. मी विचारलं, "जेवले होते का?" कुणाला हे विचित्र वाटेल. पण हमीद मिस्त्रींबरोबर मी तीस वर्षं काम केलं, आणि दुपारी एक वाजला की हा माणूस हातातली थापी असेल तिथे ठेवून डबा उघडायचा, मग समोर घरमालक उभा असो की कलेक्टर. जेवले होते म्हणाली. जेवून आडवे झाले आणि उठलेच नाहीत. मी अकोल्याला पोचले तोवर माती देऊन झाली होती, त्यांच्यात वेळ लावत नाहीत. चेहरा दिसला नाही याचं मला फार वाटलं नाही, ऐंशीच्या घरातला माणूस होता. वाटलं ते दुसऱ्याच गोष्टीचं. मला त्यांना एक गोष्ट सांगायची होती, नऊ वर्षं सांगायची होती, आणि ती राहून गेली. येताना बसमध्ये मूर्तिजापूर गेलं तरी मी तीच मनात जुळवत होते. जिवंत माणसापुढे तोंड उघडलं नाही आणि आता कुणापुढे उघडणार होते, कोण जाणे.

मी त्यांच्याकडे कामाला लागले तेव्हा रेजा होते, म्हणजे बांधकामावर घमेली उचलणारी बाई. माहेर हिवरखेडचं, शिक्षण चौथी. नवरा वारल्यावर अकोल्यात सिमेंटच्या कामावर जात होते. कुणीतरी सांगितलं, जुन्या शहरात एक मिस्त्री जुनी घरं दुरुस्त करतो, त्याला बाई पाहिजे. गेले. त्यांनी पहिलंच विचारलं, "सिमिट कालवली हाय का?" मी म्हटलं, कालवली. "मंग ते इसरून जा. सिमिटवाल्या बाईचा हात जड असते." मला राग आला. पण रोजचं काम पाहिजे होतं म्हणून थांबले. पहिला महिना त्यांनी मला घमेलं उचलू दिलं नाही. भिंतीवर बोटाच्या पेरांनी ठोकत फिरायला लावलं. जिथे आवाज भरीव येईल तिथे काही करायचं नाही, जिथे बद्द येईल तिथे कोळशाची खूण करायची. येणारेजाणारे हसायचे, की मिस्त्रीनं भिंतीशी बोलायला बाई ठेवली. मीही मनात म्हणायची, हा माणूस येडा आहे. दीड महिन्यानं मी एका खोलीत खूण केली तिथला गिलावा त्यांनी खरवडला, आत वाळवीनं लाकूड खाल्लेलं निघालं. मिस्त्री शाबास वगैरे म्हणाले नाहीत. म्हणाले, "उद्यापासून चुना."

चुन्याचं सगळं सांगत बसत नाही. कळीचा चुना पाण्यात विरवायचा, महिनाभर मुरू द्यायचा, रेतीबरोबर घाण्यात दळायचा, बेलफळाचं पाणी घालायचं. बोटांच्या चिमटीत लोण्यासारखा लागला की झाला. माझ्या हातांची कातडी दोनदा गेली. मिस्त्री ओरडायचे फार. एकदा थापी फेकून मारली होती, मला नाही, भिंतीला, पण माझ्या कानाजवळून गेली. दोन दिवस मी कामावर गेले नाही. तिसऱ्या दिवशी नसरीनच्या हातून निरोप आला, चुना खराब होऊन राहिला. माफी नाही, काही नाही. गेले मी. चुना खराब झालेला नव्हताच.

त्यांचं एकच सांगणं असायचं. घर नवं करायचं नाही, जुनंच ठेवायचं, फक्त पडू द्यायचं नाही. मालक लोकांना ते पटत नसे. त्यांना दोन महिन्यांत चकचकीत पाहिजे असायचं, आणि मातीच्या भिंतीवर सिमेंटचा गिलावा पाहिजे असायचा. मिस्त्री म्हणत, "मानसाले पलास्टिकचा सदरा घातल्यावानी हाय साहेब. घाम जाईन कुठं?" भिंत आतल्या आत कुजते आणि वरून चांगली दिसते, हे मी स्वतः चार घरांत पाहिलं.

आणि आपली ही काळी जमीन. पावसात फुगते, उन्हाळ्यात तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात. तिच्यावरचं घर वर्षभर उठत-बसत असतं. "घर हालते याचं भेव नाई," मिस्त्री म्हणायचे, "किती हालते ते मालूम पायजे." त्यासाठी त्यांची काच होती. फोटोच्या चौकटी करणाऱ्याकडून तुटकी काच आणायचे, बोटभर रुंद पट्ट्या कापायचे. भिंतीला तडा असेल तर तड्याच्या या बाजूला एक आणि त्या बाजूला एक अशी चुन्याची टिकली द्यायची, त्यावर काच आडवी बसवायची. तडा वाढला की काच फुटणार. काचेवर ते रंगानं तारीख टाकायचे. त्यांना लिहिता काय यायचं तर उर्दूत सही आणि आकडे. मराठी वाचता येत नव्हतं. एक पावसाळा आणि एक उन्हाळा काच शाबूत राहिली, तर भिंत थांबली असं समजायचं. आणि नियम असा, की फुटली तरी काढायची नाही. "बाजूले दुसरी लावायची. काढली तं भिंतीनं काय सांगतलं ते गेलं ना बाई." हा नियम मी दुसऱ्या रेजांना शिकवलेला आहे. आणि मीच मोडला.

जुन्या शहरात मोर्णा नदीकडे उतरणाऱ्या गल्लीत एक दुमजली घर आहे, पूर्वी कापसाच्या व्यापाऱ्याचं. त्यांच्या वारसाला, वकीलसाहेबांना, तिथे मुलींसाठी अभ्यासिका करायची होती. दोन वर्षं आम्ही त्या घरावर होतो. सगळं झालं, एक मागची भिंत राहिली. तिला वरच्या तुळईपासून जमिनीपर्यंत तडा होता. मिस्त्रींनी तुळईखाली लाकडी टेकू लावले, तड्यावर काच लावली आणि वकीलसाहेबांना सांगितलं, वर्षभर थांबा. पावसाळा गेला, हिवाळा गेला, काच शाबूत. मे महिन्यात मिस्त्रींच्या डोळ्याचं ऑपरेशन निघालं. जाताना मला म्हणाले, "टेकूले हात लावू नका. काच रोज पाहा. आता तुमीच मिस्त्री."

मी साठीला आले होते. तोवर मला कुणी मिस्त्री म्हटलं नव्हतं. रेजा, बाई, ए वच्छला, एवढंच.

आठव्या दिवशी सकाळी पाहिलं तर काच मधोमध फुटलेली. त्याच दुपारी वकीलसाहेब एका इंजिनिअरला घेऊन येणार होते. हा इंजिनिअर आधीपासून म्हणत होता की ती भिंत पाडा, सिमेंटची घाला. फुटलेली काच दिसली असती तर तो लगेच पाडायला लावणार, आणि लोक म्हणणार, मिस्त्री आठ दिवस गेला आणि बाईनं भिंत घालवली… मी काच काढली. त्याच मापाची दुसरी लावली, त्यांच्यासारखे आकडे काढले. इंजिनिअरनं विचारलं, काच ठीक आहे? मी म्हटलं, शाबूत आहे. मी हे भिंतीसाठी केलं असं पुष्कळ दिवस स्वतःला सांगत होते. खोटं आहे. मी ते त्या एका शब्दासाठी केलं.

मिस्त्री काळा चष्मा लावून परत आले. सरळ भिंतीपाशी गेले, हातानं चाचपलं. "शाबूत?" "शाबूत." त्यांनी काचेला हात लावला नाही. टिकलीला लावला. बोट नाकाशी नेलं, आणि "बरं" म्हणाले. मला वाटलं, डोळ्याला दिसत नाही म्हणून चाचपतात. दुसऱ्या दिवशी त्यांनी वकीलसाहेबांपाशी हट्ट धरला की या भिंतीला पुस्तकाचं कपाट पाहिजे, सागवानी, जमिनीपासून तुळईपर्यंत. कपाट झाल्याशिवाय टेकू निघणार नाहीत. मागची सांडपाण्याची नालीही भिंतीपासून दूर वळवायला लावली. सुताराजवळ स्वतः बसून राहिले. कपाटाचे खांब मांडीएवढे जाड. मी म्हटलं, "मिस्त्री, हे कपाट हाय का बैलबंडी?" म्हणाले, "किताबा जड असतात. तुमी चौथी शिकल्या, तुमाले मालूम पायजे."

कपाट बसलं आणि माझी काच त्याच्यामागे गेली. आधी बरं वाटलं. मग झोप गेली. वीस-पंचवीस पोरी त्या खोलीत सकाळपासून मान खाली घालून बसतात, आणि त्यांच्या मागच्या भिंतीबद्दल मी खोटं बोलले होते. अमरावतीला राहायला आले तरी सुटलं नाही. जोराचा पाऊस आला की नसरीनला फोन करायची, अकोल्यात कसा आहे पाऊस? तिला वाटे मावशीला आमची काळजी. मे महिना तर मी घरात येरझारा घालूनच काढायची. सून म्हणे, आत्या, बसा ना एका जागी. दोनदा सांगायचं ठरवून मिस्त्रींकडे गेले. दुसऱ्यांदा तोंडातून एवढं निघालं, "मिस्त्री, त्या भिंतीचं…" त्यांनी वाक्य पुरं होऊ दिलं नाही. "भिंत उभी हाय ना? मंग चाय घ्या." मी चहा घेतला आणि परत आले.

माती झाल्याच्या तिसऱ्या दिवशी नसरीन म्हणाली, अब्बांचा चष्मा अभ्यासिकेत राहिला आहे, आणायला चला. मी विचारलं, तिथे कशाला? "दर महिन्याले जात होते ना. पेपर वाचतो म्हनत." मी म्हटलं, "कोणता पेपर? त्यांना वाचता कुठं येत होतं?" ती म्हणाली, "तेच आमी हसत होतो."

गेलो. तर मुली बाहेर व्हरांड्यात, आणि आत एक सुतार स्टुलावर चढून कपाटाच्या वरच्या पट्ट्या काढत होता. अभ्यासिका सांभाळणारी प्राजक्ता नावाची मुलगी आहे, ती म्हणाली, स्टीलचे रॅक येणार आहेत, हे फार जागा खातं. मी म्हटलं, काढू नका. "काहून आजी?" तिनं सरळ विचारलं. जुनं आहे, चांगलं आहे, असं काहीतरी सांगून भागलं असतं तर मी तेच सांगितलं असतं. पण सुतारानं पहार उचलली होती. मग सगळ्यांसमोर बोलले. या भिंतीला तडा आहे. काच फुटली होती. मी ती लपवली आणि खोटी लावली. मिस्त्रींना सांगितलं नाही. नसरीन शेजारीच उभी होती. तिच्या बापाला जाऊन तीन दिवस झाले होते आणि मी हे सांगत होते.

सुतार स्टुलावरून म्हणाला, "बाई, हे कपाट नोहे. हे पाहा, खांब तुळईखाली पाचर मारून बसवले हायेत. वरचा सगळा भार यायच्यावर हाय. भिंतीवर काईच नाई. हे तं टेकू हायेत, फळ्या मारलेले." तो हळूच खाली उतरला आणि पहार कोपऱ्यात ठेवून दिली.

मग प्राजक्ता म्हणाली, "चाचा हे खालचं उघडून बसायचे." सगळ्यात खालच्या फळीवर कुणी न वाचणारे जुने ग्रंथ होते. ते काढले तर कपाटाच्या मागच्या फळीला हातभर झाकण. उघडलं. आत भिंत, तडा, आणि तड्यावर वरून खाली काचा. सगळ्यात वर माझी, फुटलेली. तिच्याखाली मिस्त्रींची, तीही फुटलेली. तिच्यावरची तारीख मी ओळखली. कपाट बसलं त्याच आठवड्यातली होती. तिसरी सहा वर्षांपूर्वीची, ती शाबूत.

ओल्या चुन्याचा वास त्यांना आला होता. त्यांनी मला विचारलं नाही. भिंत धरली, नाली वळवली, आणि नऊ वर्षं पेपर वाचायला येत राहिले. अकोल्यात ते ती भिंत पाहत होते आणि अमरावतीत मी पावसाकडे पाहत होते. मला रडू आलं नाही, राग आला. एकदा ओरडायचं होतं. थापी फेकायची होती. सहा वर्षांपूर्वी भिंत थांबली तेव्हा तरी सांगायचं होतं, की बाई, झोप आता. नसरीनला मी तसं म्हटलं. ती म्हणाली, "तुमी तरी कुठं सांगतलं मावशी." ते खरं आहे.

स्टीलचे रॅक दुसऱ्या खोलीत गेले. चाळिसाव्याला मी पुन्हा अकोल्याला गेले. जाताना माझ्या पत्र्याच्या डबीतून ती काच नेली, मी काढली होती ती, दोन तुकडे, वर मिस्त्रींच्या हातचे आकडे. कधी फेकून दिली नव्हती. का, ते विचारू नका. चुना मी घरीच मुरवत ठेवला होता. झाकण उघडून जमिनीवर बसले, गुडघे आता वाकत नाहीत, प्राजक्तानं धरलं. माझ्या खोट्या काचेच्या वर दोन टिकल्या दिल्या आणि ते दोन तुकडे, मधली फट दिसेल असे, जागेवर लावले. आता चार झाल्या. सगळ्यात खालची शाबूत आहे. ती पाहायला महिन्यातून एकदा येईन असं प्राजक्ताला सांगितलं आहे. पेपर मात्र मी खरंच वाचीन.

झाकण लावलं तेव्हा बोटाला चुना होता. मी वास घेतला. ताजा चुना लपत नाही. डोळ्यावर काळा चष्मा असला तरी कळतो.