भास्करकाकांचा बॅनर

चहा घ्या आधी. कारण आता जे सांगणार आहे ते ऐकल्यावर तुम्ही मला कुठल्याही कमिटीवर घ्याल असं वाटत नाही.

मी प्यायचो, हे तुम्हाला माहीत आहे. बोळिंजच्या आमच्या सोसायटीचा मी अकरा वर्षं सचिव, आणि त्यातली निदान आठ वर्षं मी मीटिंगला तोंडात वेलची ठेवून बसलोय. शेवटी सुनंदानं, म्हणजे आमच्या हिनं, कुठूनसा एका गटाचा नंबर मिळवला. दारू सोडलेली माणसं आठवड्यातून दोनदा भेटतात, बोलतात, एकमेकांना सावरतात. असा गट घराजवळ विरारलाही होता. पण तिथे कोणी ओळखीचं निघालं तर? म्हणून मी मुद्दाम नायगावचा धरला.

शाळेचा एक वर्ग, बाहेर पाटी नाही. विचारायचं तरी कुणाला आणि काय? मी दारावरून तीनदा पुढे गेलो. तेवढ्यात किटली घेऊन आत जाणारा एक म्हातारा थांबला आणि म्हणाला, "या सायेब. पैल्या दिवशी समदेच फुडं जातात."

हे भास्करकाका. खाडीकडच्या गावातले, भातशेती आणि भाजीची वाडी. त्यांनी मला त्या दिवसापासून धरलं ते सोडलंच नाही. संध्याकाळी सात वाजले की माझे पाय बाटलीकडे वळायचे, म्हणून रोज सातला मी त्यांना फोन करायचा असं ठरलं. काका वांग्याबद्दल, खताबद्दल काहीतरी बोलत बसायचे आणि माझी ती घटका टळायची. या माणसामुळे माझे चार महिने कोरडे गेले, यात काडीची अतिशयोक्ती नाही. स्वतः काका मात्र घरी भजनाला जातो म्हणून सांगून यायचे. सून नवी, तिला त्यांचे जुने पराक्रम ठाऊक नव्हते.

आता तो गट म्हणजे, सचिवाच्या नजरेनं सांगतो, अगदीच गैरव्यवस्था. अध्यक्ष नाही, इतिवृत्त नाही, आभारप्रदर्शन नाही. आडनाव विचारायचं नाही आणि इथलं बोलणं बाहेर न्यायचं नाही. असं कुठं असतं का हो?

त्यात काकांना दारू सोडून दहा वर्षं झाली. दहा! आणि सत्कार काय, तर टाळ्या आणि एक कप चहा. आमच्याकडे टाकी धुतली तरी शाल-श्रीफळ देतात. माझ्या जिवाला ते लागलं. मी बॅनर करायला दिला.

काकांचा फोटो मी मीटिंगमध्ये मोबाइलवर चोरून काढला होता. बॅनरवाला म्हणाला, हा मोठा केला की फुटतो. मग त्यानं माझा स्टुडिओतला कोट घातलेला फोटो मधोमध घेतला. वर ठळक अक्षरांत 'दारूमुक्त जीवनाची दहा वर्षे, हार्दिक अभिनंदन'. खाली माझं नाव, सचिवपद, आणि गणेशोत्सव मंडळाचा माजी खजिनदार वगैरे. 'शुभेच्छुक' हा शब्द कोपऱ्यात, मुंगीएवढा. आणि तळाला छोट्या गोलात काकांचा फोटो, त्याखाली 'मा. भास्करकाका'. मला त्यानं व्हॉट्सअ‍ॅपवर दाखवलं. मला काहीच खटकलं नाही. उलट मी अंगठा पाठवला. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत बॅनर काकांच्या गावच्या नाक्यावर लागलासुद्धा.

संध्याकाळी मोठ्या ऐटीत मी हे सुनंदाला सांगितलं. तिनं कणीक मळता मळता एवढंच विचारलं, "अहो, जिथं आडनाव सांगत नाहीत, तिथल्या माणसाचा फोटो तुम्ही नाक्यावर लावलात?"

सून, भजन, सगळं एकदम डोळ्यांपुढे आलं. सात वाजले. काकांना फोन लावला, उचलेनात. पुन्हा लावला, पुन्हा नाही. खरं सांगतो, त्या क्षणी मला पहिली आठवण बाटलीची झाली. माणसाला तोंड दाखवायला जागा नाही म्हटल्यावर दुसरं काय सुचणार? सुनंदानं माझ्याकडे पाहिलं, हात धुतले आणि चपला माझ्यासमोर आणून ठेवल्या. तसाच निघालो.

नायगावला रिक्षावाला आरशातून माझ्याकडे सारखा बघत होता. नाक्यावर उतरलो तर पानवाल्यानं बाहेर येऊन माझा हात हातात घेतला. एक आजोबा म्हणाले, सोपं नाय बाबा, शाब्बास. मला काही कळेना. वर बघितलं. कोट घातलेला मी, दहा फुटांचा, दारूमुक्त होऊन हसत होतो.

काका घरी ओट्यावर बसले होते. फोन घरात चार्जिंगला आणि ते वाडीत पाणी लावायला, एवढंच झालं होतं. मी पाय धरायला वाकलो, तोवर सून चहा घेऊन आली आणि मलाच म्हणाली, "अभिनंदन हां दादा. प्रमुख पाहुणे म्हणून आमच्या मामंजींचा फोटो टाकलात, बरं वाटलं." आणि आत गेली.

काकांनी बशीत चहा ओतला.

"गावात समदे मला विचारतात, ह्यो बेवडा कोन? मी सांगितलं, वळखीचा हाये. चांगला मानूस हाये."

मला हसावं की रडावं कळेना. म्हटलं, काका, चुकलो. आत्ता जाऊन बॅनर उतरवतो.

"तुजे किती झाले?"

"चार महिने."

काकांनी बोटांवर हिशोब केला.

"मंग नऊ वर्सं आठ म्हयने ऱ्हायले. ब्यानर खरा झाला की उतरव."