उंबऱ्यावरची लिंबं

माझ्या सासूबाई कुणावरही विश्वास ठेवत नाहीत, हे मला लग्नाआधीच कळलं होतं. मला बघायला आल्या तेव्हा पोह्यांच्या बशीत ठेवलेली लिंबाची फोड त्यांनी आधी उलटी करून बघितली, मग हुंगली, आणि शेवटी पिळलीच नाही. माझं माहेर शाहूवाडीकडचं. परड्यात लिंबाची दोन झाडं आणि एक पपनसाचं. आमच्या घरचं लिंबू कुणी असं तपासावं याचा मला फार राग आला होता. आई म्हणाली, "शहराजवळची माणसं जरा चौकस असतात." चौकस हा शब्द आईनं किती मवाळ वापरला होता, ते मी नांदायला आल्यावर कळलं.

पन्हाळ्याच्या रस्त्याला, कोल्हापूर संपता संपता आमची गल्ली लागते. घर मूळचं एकच, मधोमध भिंत घालून दोन केलेलं. अलीकडं आम्ही, पलीकडं चुलत सासरे आणि चुलत सासूबाई. या दोन सासवा एकमेकींच्या जावा, आणि त्याहून आधी सख्ख्या बहिणी. एकाच मांडवात दोघींची लग्नं एकाच घरातल्या दोन भावांशी झाली. थोरलीला, म्हणजे चुलत सासूबाईंना, सगळी गल्ली आक्का म्हणते, म्हणून मीही म्हणते. सासूबाईंना इकडच्या रिवाजाप्रमाणं आत्ती म्हणते. भिंत झाली तेव्हा परड्यातलं लिंबाचं झाड आक्कांच्या वाटणीला गेलं. फांद्यांना वाटणीचं कुणी सांगितलं नव्हतं, त्यामुळं त्या आमच्या बाजूला येत राहिल्या आणि आत्ती त्या छाटत राहिल्या.

भिंत का घातली, तर बोअरच्या पाण्यावरून भावाभावांत वाजलं म्हणून. निदान माझे सासरे तसं सांगतात. आत्तींचं म्हणणं वेगळं. लिंबू कुणाच्या हातात द्यायचं नाही, हे आमच्याकडं सगळेच पाळतात. लिंबू, मिरची, मीठ समोर ठेवायचं, घेणाऱ्यानं उचलून घ्यायचं. हातात दिलं की देणाऱ्याचं आणि घेणाऱ्याचं भांडण होतं. लोणचं घालायच्या दिवशी आत्ती विळीवर बसल्या होत्या आणि आक्का झाडावरची लिंबं काढून आणत होत्या. हात मोकळे करायच्या घाईत आक्कांनी एक लिंबू थेट आत्तींच्या तळहातावर ठेवलं. आत्ती म्हणाल्या, "खाली ठेव की आक्का." आक्का हसल्या. त्याच संध्याकाळी भावांचं वाजलं, आणि लोणचं मुरायच्या आत गवंडी आला.

तेव्हापासून ही गोष्ट आत्तींनी दूध संस्थेच्या रांगेत, गिरणीत, हळदी-कुंकवाला, जिथं चार बायका भेटतील तिथं सांगितली. "आक्कानं हातात लिंबू दिलं, तितनंच घर फाटलं." माझ्या नवऱ्याच्या मते हे कावळा बसायला आणि फांदी मोडायला एकच गाठ पडल्यासारखं. पण तो फौंड्रीत शिफ्टला असतो. त्याचं मत घरात फारसं धरलं जात नाही.

या बहिणी त्यानंतर एकमेकींशी एक शब्द बोललेल्या नव्हत्या. मी आले ती या अबोल्यातच. भिंतीपलीकडची फोडणी मला वासावरून ओळखू यायची, पण आक्कांचा आवाज कसा आहे ते धड ठाऊक नव्हतं. दारात दिसल्या की त्या माझ्याकडं बघायच्या, मी खाली बघायची, आणि आत्ती आमच्या दोघींकडं बघायच्या.

उंबऱ्यावर पहिली लिंबं सापडली तेव्हा मला दिवस गेले होते. दुसऱ्यांदा. पहिल्या वेळी पोटातलं टिकलं नव्हतं, आणि का टिकलं नाही ते डॉक्टरांनाही नीट सांगता आलं नव्हतं. जिथं डॉक्टर गप्प बसतो तिथं गल्ली बोलायला लागते. कुणी नजर म्हणालं, कुणी बाधा. आत्तींनी तेव्हा परड्याकडचं दार कायमचं लावून घेतलं होतं.

त्या सकाळी त्या दुधाची किटली घेऊन परत आल्या आणि दारातच थबकल्या. उंबऱ्याच्या बाहेर, बरोबर मधे, दोन पिवळी लिंबं होती. देठाला पान तसंच.

"हात लावू नगं," त्या म्हणाल्या. मी लावलेलाच नव्हता.

चुलीजवळचा चिमटा आणून त्यांनी लिंबं एकेक करून उचलली, करवंटीत घातली आणि पदराखाली झाकून गल्लीच्या तोंडाशी तीन रस्ते मिळतात त्या तिकटीवर टाकून आल्या. आल्यावर पाय धुतले, चिमटा धुतला, मलाही पाय धुवायला लावले. रविवारी जोतिबाला जाऊन गुलाल आणला आणि चौकटीला लावला. माझ्या कपाळालाही लावला.

लिंबं मात्र येत राहिली. रोज नाही, दोन-चार दिवसांआड, आत्ती दुधाला गेल्या की. कधी दोन असायची, कधी तीन. तीन आली की आत्ती जास्त घाबरायच्या. नवरा म्हणाला, दारावर कॅमेरा बसवू. आत्ती म्हणाल्या, "कॅमेऱ्यात करणी दिसत न्हाय." आणि कुणाचं काम हे कळायला त्यांना कॅमेरा लागतच नव्हता. झाड कुणाच्या परड्यात आहे ते सगळ्यांना माहीत होतं. "जी हातात लिंबू दिऊन घर फोडती, ती उंबऱ्यावर ठिऊन काय काय करंल?" यावर उत्तर द्यायचं म्हणजे मलाच आक्कांची वकिली करावी लागली असती, आणि मी तर त्यांना ओळखतही नव्हते.

घरात लिंबू बंद झालं. बाजारातलंसुद्धा. कुठल्या झाडाचं, कुणाच्या हातून आलेलं, काय सांगावं? आणि मला तर दुसरं काही नकोच होतं. पहाटेपासून मी मोरीत वाकलेली असायची. पोटात पाणी ठरत नव्हतं. चिंच दिली, आमसूल दिलं, आवळा दिला. मला लिंबूच हवं होतं, मीठ लावलेली फोड, जिभेच्या कडांना झोंबणारी. आत्ती लिंबं उचलायच्या तो चिमटा मी एकदा धुवायच्या आधी हुंगला. हे मी नवऱ्यालासुद्धा सांगितलेलं नाही.

मधल्या काळात एक गंमत झाली. आत्ती दूध संस्थेतून धापा टाकत आल्या. "तिकटीवर कोनतरी रोज लिंबं टाकतंय म्हनं. समद्या बायका वळसा घालून जात्यात. एकाची म्हस आटली."

"आत्ती, ती लिंबं तुम्हीच टाकता की," मी म्हणाले.

त्यांनी जरा विचार केला. "माझी दोन हुती. तितं तीन हायती."

म्हणजे आता आमच्या लिंबांना कुणीतरी आपलं एक जोडलं होतं, किंवा आदल्या वेळचं एक तसंच राहिलं होतं. पण गल्लीत सगळ्यांनी आपापले उंबरे बघायला सुरुवात केली. आणि मीही केली. मी केमिस्ट्री घेऊन बी.एस्सी. झालेली बाई. लिंबात सायट्रिक आम्ल असतं, याहून जास्त काही नसतं, हे मी परीक्षेत लिहून आलेय. तरी सकाळी दार उघडताना माझा हात कडीवर अडायचा. मला हे काही पटत नव्हतं, आणि भीती मात्र वाटत होती. पहिल्या वेळचं आठवलं की पटण्या-न पटण्याला अर्थच उरायचा नाही.

मग एके दिवशी लिंबावर भोकं दिसली. बारीक, सुई टोचल्यासारखी. आणि एकावर लालसर डाग. आत्तींनी चिमट्यातलं लिंबू फिरवून बघितलं. "सुया टोचल्या गं. कुक्कू लावलंय." त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. मी त्यांना असं कधी बघितलं नव्हतं. माहेरी वाऱ्याच्या दिवसांत लिंबाच्या फांद्या एकमेकींवर आपटतात आणि झाडाचेच काटे फळांत घुसतात, हे मी लहानपणापासून बघितलेलं. मी ते सांगायला तोंड उघडलं आणि मिटलं. कारण लाल डागाचं मला काही सांगता येईना.

त्या दिवशी आत्ती म्हणाल्या, "आता म्या जाऊन तिचं झाडच तोडतो. काय व्हायचं ते हू दे." आणि संध्याकाळी सासऱ्यांना त्यांनी कुऱ्हाडीला धार लावायला सांगितली. सासरे हो म्हणाले नाहीत आणि नाहीही म्हणाले नाहीत. कुऱ्हाड दोन दिवस सोप्यात भिंतीला टेकून उभी होती. येता-जाता मला ती दिसायची.

मी ठरवलं, आधी डोळ्यांनी बघायचं. आत्ती किटली घेऊन गेल्या आणि मी दाराच्या फटीशी उभी राहिले. मळमळत होतं, तोंडावर हात धरला होता. थोड्या वेळानं पलीकडचं दार वाजलं. आक्का आल्या. इकडं-तिकडं बघत, चोरासारख्या. म्हणजे खरंच होतं तर. त्या वाकल्या, पदरातून लिंबं काढली आणि उंबऱ्याच्या बाहेर ठेवली. मंत्र नाही, काही नाही. एक लिंबू गडगडलं, ते त्यांनी पकडून परत नीट ठेवलं. त्यांच्या बोटाला हळद भरलेली चिंधी बांधलेली होती.

मी कडी काढली. आक्का दचकून सरळ झाल्या.

"हे काय चाललंय?" माझा आवाज मला वाटला त्यापेक्षा मोठा निघाला. "काय केलंय आम्ही तुमचं?"

त्या माझ्याकडं बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "भित्तीपलीकडनं रोज तुजी वकारी ऐकू येती. पोटात कायबी ठरत न्हाय तुज्या. नुसतं बसून ऐकत ऱ्हायाचं व्हय म्या?"

मी हात पुढं केला. "मग इकडं द्या की. असं चोरून काय ठेवता?"

आक्कांनी दोन्ही हात मागं घेतले. "हातात न्हाय द्यायचं बाई. तुज्या आत्तीला एकदा दिलतं. आजून भोगतोय."

तेवढ्यात त्यांची नजर बाजूला, गल्लीकडं गेली. आत्ती उभ्या होत्या. किटली हातात. किती ऐकलं कोण जाणे, पण शेवटचं नक्की ऐकलं होतं. दोघी बहिणी इतक्या जवळ मी पहिल्यांदाच बघत होते, आणि दोघींचं नाक अगदी एकासारखं एक आहे हे माझ्या तेव्हा लक्षात आलं.

आत्तींनी किटली खाली ठेवली. "ही भोकं कसली?" त्या लिंबाकडं बोट दाखवून माझ्याकडं बघत म्हणाल्या. बहिणीशी थेट बोलायला त्या अजून तयार नव्हत्या.

"काट्याची," आक्का पण माझ्याकडंच बघून म्हणाल्या. "आनी डाग असंल तर माजा. बोटात काटा घुसलाय."

"शिडीवर चढून काढतीस, ह्या वयात?"

"खालची फांदी तू छाटलीस की."

आत्ती उंबरा ओलांडून आत गेल्या, सुरी घेऊन आल्या आणि उंबऱ्यात बसल्या. खालचं एक लिंबू उचललं, या वेळी चिमटा न घेता. मधोमध कापलं. दोन्ही अर्धी उजेडाकडं धरून बघितली, बिया सुरीच्या टोकानं बाजूला काढल्या, हुंगलं. मला बघायला आलेल्या तेव्हासारखंच. मग एक फोड स्वतःच्या तोंडात पिळली आणि डोळे मिटून बसून राहिल्या. काही होतंय का बघत असाव्यात. मी आणि आक्का दोघी त्यांच्याकडं बघत उभ्या.

"बग, नीट बग," आक्का म्हणाल्या. "म्या तुला इख देनार. बरोबर हाय."

"बगायला नगं?" आत्ती डोळे न उघडताच म्हणाल्या. "पोरीचं एकदा गेलंय. तू आसशील न्हायतर देव आसंल, म्या बगनारच."

मग त्यांनी उरलेली फोड माझ्यापुढं सरकवली. मीठ आणायला आत जायचा धीर मला नव्हता. मी तशीच चोखली. आंबट थेट कानशिलांत गेलं, डोळ्यांतून पाणी आलं, आणि कित्येक दिवसांनी पोट शांत झालं.

आक्का जायला वळल्या. मग आठवल्यासारखं करून पदराच्या गाठीतून आणखी एक लिंबू काढलं, आणि ते खाली ठेवायला वाकल्या. गुडघे दुखत असावेत, भिंतीला हात टेकून, सावकाश.

आत्तींनी हात पुढं केला.

"वाकू नगं. दे हातात."

आक्का वाकलेल्या तशाच थांबल्या. आधी त्या हाताकडं बघितलं, मग आत्तींच्या तोंडाकडं, यात काही डाव आहे का ते शोधत असल्यासारखं. संशय आता पलीकडं गेला होता.

"भांडान हुईल," त्या म्हणाल्या.

"आनी कंचं व्हायाचं ऱ्हायलंय, आक्का?" आत्ती म्हणाल्या. "दे."